श्वासातल्या ॲसिटोनचा माग

रोग्याच्या वासावरून रोग ओळखण्याची रीत जुनी आहे. प्रमेहाच्या रोग्याच्या लघवीकडे मुंग्या धावतात, हे निरीक्षण चरकसंहितेत आहे. श्वासाच्या वासाची नोंद त्या मानाने उशिरा झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन रोलो या ब्रिटिश लष्करी डॉक्टराने मधुमेह्याच्या श्वासाला सडत्या सफरचंदासारखा वास येत असल्याचे लिहिले. १८५७ साली प्राग येथे विल्हेल्म पेटर्स यांना मधुमेह्याच्या लघवीत ॲसिटोन सापडले आणि त्या वासाला नाव मिळाले. नखांचा रंग पुसायच्या द्रावणाला जो गोडसर, नाकात शिरणारा वास असतो, तोच हा.

उलट्या करणारे, धापा टाकणारे मूल समोर आले की अनुभवी डॉक्टर आजही त्याच्या तोंडाजवळ नाक नेऊन हा वास शोधतो. पण नाकाच्या दोन अडचणी आहेत. हा वास प्रत्येकाला सारखा येत नाही, काहींना तर जवळजवळ येतच नाही. आणि नाक आकडा सांगत नाही. म्हणून गेली तीसेक वर्षे जगभरचे संशोधक या वासाला आकडा देणारे स्वस्त, खिशात मावेल असे उपकरण शोधत आहेत. त्यातला सर्वांत चिवट उमेदवार म्हणजे धातूच्या ऑक्साइडचा वायुसंवेदक. स्वयंपाकघरात गॅस गळला की किंचाळणाऱ्या बऱ्याच यंत्रांत असतो, त्याच कुळातला. हा संवेदक काम कसे करतो, श्वासापुढे तो का अडखळतो, त्याला सुधारण्याचे कोणते मार्ग निघाले आणि हे सगळे करून नेमके काय मोजले जाणार आहे, हे या लेखात पाहायचे आहे. यातला शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे आणि तोच सर्वांत कमी विचारला जातो.

शरीरात ॲसिटोन येते कुठून?

पेशींना साखर वापरता आली नाही, किंवा साखर मिळालीच नाही, तर शरीर चरबीकडे वळते. यकृत चरबीतल्या मेदाम्लांपासून कीटोन नावाची संयुगे बनवते आणि मेंदूसह अनेक अवयव ती इंधन म्हणून जाळतात. त्यांतली दोन मुख्य : ॲसिटोॲसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट. पहिल्याचा रेणू अस्थिर असतो. तो आपोआप मोडतो, त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि ॲसिटोन उरते. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसलाच उकळते, इतके ते उडून जाणारे आहे. रक्तातून फुप्फुसात आले की ते श्वासाबरोबर बाहेर पडते.

म्हणजे श्वासातले ॲसिटोन ही चरबी जळत असल्याची खूण आहे. निरोगी माणसाच्या श्वासातही ते असतेच, साधारणपणे हवेच्या दहा लाख भागांत एक भाग किंवा त्याहून कमी. या मापाला पीपीएम म्हणतात. खरा उपवास केला की हा आकडा चढतो. ‘खरा’ म्हणायचे कारण असे, की आपली एकादशी पुष्कळदा दुप्पट खाशीच्या वळणाची असते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. खिचडीची ताटली संपवणाऱ्याच्या यकृताला कीटोन बनवायचे कारणच उरत नाही. पाण्यावर राहणाऱ्याच्या श्वासात मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत ॲसिटोन कित्येक पटींनी वाढलेले असते. कीटो आहार घेणाऱ्यांत ते काही दशक पीपीएमपर्यंत जाते. आणि इन्शुलिनच्या अभावी कीटोन अनावर होऊन रक्त आम्लधर्मी होऊ लागते, ज्याला डॉक्टर कीटोॲसिडोसिस म्हणतात, त्या अवस्थेत ते शेकडो पीपीएमवर पोहोचू शकते.

तापलेल्या कथिलाचे नाक

अर्धवाहकाच्या पृष्ठभागावर कोणता वायू आहे त्यानुसार त्याचे विद्युत गुणधर्म बदलतात, हे १९५३ मध्ये अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत ब्रॅटन आणि बार्डीन यांनी जर्मेनियमवर दाखवले. १९६२ मध्ये जपानमध्ये सेइयामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडचे पातळ पटल तापवून त्याने वायू ओळखून दाखवले. त्याच वर्षी नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडच्या संवेदकासाठी पेटंटचा अर्ज केला. त्यातून पुढे फिगारो ही कंपनी उभी राहिली. जपानी घरांत तेव्हा बाटलीबंद गॅस नुकताच शिरत होता आणि स्फोटही होत होते. संवेदकाला बाजार मिळाला तो त्यामुळे.

त्याचे काम असे चालते. कथिलाच्या ऑक्साइडमध्ये ऑक्सिजनचे अणू थोडे कमी असतात, त्यामुळे काही इलेक्ट्रॉन मोकळे राहतात आणि त्यातून थोडीफार वीज वाहते. हे ऑक्साइड तीनशे-चारशे अंशांपर्यंत तापवले की हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांना चिकटतो आणि हे मोकळे इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो. कणाच्या कडेला इलेक्ट्रॉनांचा दुष्काळ पडलेला एक थर तयार होतो. दोन कण जिथे एकमेकांना टेकतात तिथे या थरांचा बांध होतो आणि रोध वाढतो. आता ॲसिटोनचा रेणू आला, की तो तापलेल्या पृष्ठभागावरच्या या ऑक्सिजनबरोबर जळतो. एक रेणू पूर्ण जळून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी व्हायला ऑक्सिजनचे आठ अणू लागतात. त्या अणूंनी अडवलेले इलेक्ट्रॉन सुटतात, बांध खाली येतो, रोध घटतो. हा घटलेला रोध आपण मोजतो.

म्हणजे या संवेदकाला नाक म्हणणे ही थोडी खुशामतच आहे. तो वास घेत नाही. ती एक सूक्ष्म चूल आहे, आणि तिच्यावर काय काय जळते याचा हिशेब ती ठेवते. अल्कोहोल, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, फोडणीचा धूर, जे जळेल ते तिला चालते. तिच्या सगळ्या अडचणी या एका स्वभावातून निघतात.

श्वासापुढच्या तीन अडचणी

पहिली अडचण मात्रेची. गॅसगळतीच्या यंत्राला हजारो पीपीएमवर वाजायचे असते. बाजारात सेंद्रिय द्रावकांसाठी मिळणारे जुने संवेदक साधारण ५० पीपीएमपासून पुढे भरवशाचे असतात. श्वासाचा सगळा खेळ एक-दोन पीपीएमच्या आसपास सुरू होतो.

दुसरी अडचण ओळखीची. श्वासात शेकडो संयुगे असतात. १९७१ मध्ये लायनस पॉलिंग यांनी गोठवलेल्या श्वासाचे पृथक्करण करून सुमारे अडीचशे मोजली होती. जवळ कोणी हाताला सॅनिटायझर लावला असेल तर त्या अल्कोहोलची वाफ ॲसिटोनला सहज झाकून टाकते. दवाखान्यात सॅनिटायझर नसेल असे आज होत नाही.

तिसरी अडचण पाण्याची, आणि ती सर्वांत अवघड. बाहेर पडणारा श्वास सुमारे ३४ अंशांचा आणि वाफेने जवळजवळ संपृक्त असतो. त्या तापमानाला हवेचा पाच टक्क्यांहून थोडा अधिक भाग वाफेचा असतो. दहा लाखांत पन्नास हजार! म्हणजे ॲसिटोनच्या एका रेणूमागे वाफेचे पन्नास हजार रेणू. हे पाणी कथिलाच्या पृष्ठभागावर मोडून बसते, ऑक्सिजनच्या जागा अडवते आणि स्वतःही रोध खाली आणते. कोरड्या हवेत दिमाखात काम करणारा संवेदक श्वास लागताच निम्मा बहिरा होतो.

हे मी घरी तपासून पाहिले आहे. प्रयोगशाळा नसलेल्याला हा हिशेब उपयोगी पडेल म्हणून देतो. एक मायक्रोलिटर ॲसिटोनची वाफ साधारण एक तृतीयांश मिलिलिटर होते. पाण्याचा २० लिटरचा कोरडा जार घेऊन त्यात एवढे ॲसिटोन उडू दिले, आत संगणकातला छोटा पंखा फिरवला, की सुमारे १७ पीपीएमची हवा मिळते. त्यातली हवा ६० मिलिलिटरच्या सिरिंजने वीस वेळा काढून दुसऱ्या जारमध्ये सोडली, की तिथे एक पीपीएम. बाजारात मिळणारा एमक्यू मालिकेतला साधा संवेदक दोन दिवस सलग तापत ठेवून मी या दोन्ही जारांत बसवला. १७ पीपीएमला त्याचा प्रतिसाद स्वच्छ दिसला. एक पीपीएमला जो फरक पडला, तो खोलीतल्या दमटपणाने एरवीही पडणाऱ्या चढउतारात हरवला. आणि तिसऱ्या, ॲसिटोन नसलेल्या जारमध्ये एकदा नुसता श्वास सोडला, तेव्हा आकडा त्या एक पीपीएमच्या फरकापेक्षा कितीतरी जास्त हलला. जेवणानंतर केलेला तो साधा श्वास होता. अशा संवेदकावर ‘श्वासावरून मधुमेह’ असे लेबल लावले, तर तो बहुतेक वेळा श्वासातले पाणी मोजत बसेल.

सुधारणा : कणापासून गाळणीपर्यंत

पहिली सुधारणा कणाच्या आकाराची. इलेक्ट्रॉनांच्या दुष्काळाचा जो थर सांगितला, तो कथिलाच्या ऑक्साइडमध्ये साधारण तीन नॅनोमीटर जाडीचा असतो. कण मोठा असेल तर आतला बराच भाग वायूची दखलच घेत नाही. कण सहा नॅनोमीटरच्या खाली गेला, की दोन्हीकडचे थर मध्यात मिळतात आणि सगळा कणच वायूच्या ताब्यात जातो. जपानच्या क्युशू विद्यापीठात यामाझोए यांच्या गटाने १९९१ मध्ये दाखवले, की या मर्यादेखाली संवेदनशीलता एकदम चढते. मात्र इतके बारीक कण चारशे अंशांवर रोज तापत राहिले तर एकमेकांत वितळल्यासारखे जुळून मोठे होतात. आज मिळवलेली धार सहा महिन्यांत बोथट होते. म्हणून पुढे पोकळ तंतू, सच्छिद्र गोळे, जाळीदार पटले अशा रचना आल्या. त्यांत कण बारीक राहतात आणि वायूलाही आत शिरायला वाट मिळते. कोरियातील केएआयएसटी या संस्थेत विजेच्या दाबाने ओढलेल्या कथिल-ऑक्साइडच्या तंतूंवर प्लॅटिनमचे कण बसवून श्वासातल्या ॲसिटोनसाठी असे संवेदक केले गेले.

दुसरी सुधारणा या प्लॅटिनमसारख्या मौल्यवान धातूंची. प्लॅटिनम, पॅलेडियम किंवा सोन्याचे अत्यल्प कण ऑक्साइडवर पेरले की ते दोन प्रकारे मदत करतात. काही रेणूंना मोडून शेजारच्या ऑक्साइडवर सोडतात, म्हणजे जळण फोडून चुलीजवळ आणून ठेवतात. काही स्वतःच ऑक्साइडमधून इलेक्ट्रॉन ओढतात आणि वायू आल्यावर परत देतात. दोन्हींमुळे कमी तापमानावर मोठा प्रतिसाद मिळतो. तापमानाचेही एक गणित आहे. फार कमी तापमानाला जळणे मंद होते. फार जास्त झाले, तर वायू वरच्या थरातच जळून जातो, खालच्या थरांना काही कळतच नाही. मधली एक जागा सापडावी लागते आणि ती प्रत्येक वायूसाठी थोडी वेगळी असते.

तिसरी सुधारणा मला सर्वांत देखणी वाटते, कारण ती ॲसिटोनच्या स्वभावाचाच उपयोग करते. ॲसिटोनच्या रेणूत विद्युतभार एका बाजूला बराच झुकलेला असतो, अल्कोहोलपेक्षा पुष्कळ जास्त. टंगस्टनच्या ऑक्साइडचे एक स्फटिकरूप असे आहे, की त्याच्या रचनेतही असाच कायमचा झुकाव असतो. त्याला एप्सिलॉन रूप म्हणतात. झुकलेल्या पृष्ठभागाला झुकलेला रेणू अधिक ओढीने चिकटेल, असा तर्क २००८ मध्ये अमेरिका आणि स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी मिळून तपासला आणि तो बराचसा खरा ठरला. पंचाईत एवढीच, की हे रूप एरवी शून्याखाली चाळीसेक अंशांवरच टिकते आणि संवेदक तर चालतो तीनशे-चारशे अंशांवर. यावर उपाय म्हणून ज्वालेत फवारून कण तयार करताना त्यात थोडे सिलिकॉन मिसळले गेले. सिलिकॉनने ते रूप टिकवून धरले आणि कणांना वाढूही दिले नाही. झुरिकच्या ईटीएच संस्थेतील रिगेटोनी, त्रिकोली आणि प्रात्सिनिस यांनी २०१० मध्ये अशा संवेदकाने अब्जात वीस भाग इतके कमी ॲसिटोन ओळखल्याचे दाखवले. दमट हवेतही तो चालत होता. एक पीपीएमचा हा पन्नासावा भाग आहे.

गंमत अशी, की ऑक्साइडच्या आत उपकार करणारे हेच मूलद्रव्य बाहेरून वाफेच्या रूपाने आले तर घात करते. केसांना लावायचे सीरम, फटी बुजवायचे सीलंट यांतील सिलिकोनची वाफ तापलेल्या कणांवर जळते, तिथे वाळूसारखा थर जमतो आणि संवेदक कायमचा निकामी होतो. संवेदक बनवणारे आपल्या माहितीपत्रकात हा इशारा आवर्जून देतात, पण तो सहसा वाचला जात नाही.

चौथी सुधारणा दमटपणाविरुद्धची. २०१६ मध्ये कोरिया विद्यापीठाच्या गटाने इंडियमच्या ऑक्साइडवर सिरियमच्या ऑक्साइडचे सूक्ष्म पुंजके बसवले. पाण्यापासून झालेले जे गट पृष्ठभागावर ठाण मांडून बसतात, त्यांना हे पुंजके सतत हटवत राहतात. पृष्ठभाग स्वतःच स्वतःला पुसत राहतो. त्यामुळे कोरड्या आणि दमट हवेतला ॲसिटोनचा प्रतिसाद जवळजवळ सारखा राहिला.

पाचवी सुधारणा संवेदकाच्या बाहेरची आहे. चुलीला निवड करता येत नसेल, तर चुलीआधी चाळण लावावी. झुरिकच्याच गटाने २०२० मध्ये ॲल्युमिनावर बसवलेल्या प्लॅटिनमची छोटी नळी संवेदकाच्या वाटेत ठेवली आणि ती १३५ अंशांवर ठेवली. या तापमानाला अल्कोहोल, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड नळीतच जळून जातात आणि ॲसिटोन सुखरूप पलीकडे पोहोचते. प्लॅटिनम एरवी जाळण्यासाठी वापरतात. इथे नको असलेले आधीच जाळून टाकण्यासाठी वापरले. दुसरी वाट अनेक संवेदक एकत्र बसवून त्यांच्या प्रतिसादांच्या नमुन्यावरून वायू ओळखण्याची. १९८२ मध्ये वॉरिक विद्यापीठातील कृष्णा परसॉद आणि जॉर्ज डॉड यांनी मांडलेल्या या कल्पनेला आज आपण इलेक्ट्रॉनिक नाक म्हणतो.

या कामात महाराष्ट्रही आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात द्रावण तापलेल्या काचेवर फवारून ऑक्साइडची पातळ पटले करण्याची परंपरा आहे. अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात स्क्रीन प्रिंटिंगने जाड पटले छापून वायुसंवेदकांवर काम झाले. कोट्यवधींच्या यंत्रांवाचून करता येणारे हे संशोधन आहे, म्हणून ते मोठ्या शहरांबाहेरही रुजू शकले.

मोजायचे नेमके काय?

आता त्या सर्वांत महत्त्वाच्या प्रश्नाकडे. या विषयावरचे अनेक शोधनिबंध एकाच वाक्याने सुरू होतात : निरोगी माणसाच्या श्वासात ०.३ ते ०.९ पीपीएम ॲसिटोन, मधुमेह्याच्या श्वासात १.८ पीपीएमहून अधिक. वृत्तपत्रांत त्याची बातमी होते, ‘आता सुई नको, फुंकर मारा आणि साखर पाहा.’ निबंधागणिक उतरत आलेली ही रेषा माणसांवर लावली की पुसट होते. गोळ्या नीट घेणाऱ्या, वेळेवर जेवणाऱ्या टाइप दोनच्या मधुमेह्याचा श्वास निरोगी माणसासारखाच असू शकतो. उलट रात्री न जेवता सकाळी व्यायाम करून आलेला ठणठणीत तरुण त्या रेषेपलीकडे जाऊ शकतो. ॲसिटोन साखर सांगत नाही. ते कीटोन सांगते. दोन्हींचा संबंध आहे, पण जिन्याच्या दोन पायऱ्यांसारखा ठरलेला नाही.

हे नीट ओळखले तर उपकरणाची किंमत कमी होत नाही, वाढते. टाइप एकच्या मधुमेहात मुलाचे इन्शुलिन चुकले, किंवा ताप आला, तर काही तासांत कीटोन चढू लागतात. कित्येक मुलांचा मधुमेह पहिल्यांदा कळतो तोच कीटोॲसिडोसिसमध्ये, आणि उलट्या-पोटदुखी पाहून ‘पोट बिघडले’ म्हणत घरच्यांचा एक मोलाचा दिवस जातो. दुसरी गोष्ट गोळ्यांची. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या वर्गातली औषधे लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. ती गुणकारी आहेत आणि आपल्याकडे आता सर्रास दिली जातात. पण ही औषधे घेणाऱ्या थोड्या रुग्णांत साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये तसा इशारा दिला. असा रुग्ण घरच्या ग्लुकोमीटरवर साखर पाहून निर्धास्त राहतो. त्याच वेळी त्याचा श्वास मात्र खरे सांगत असतो.

याचा अर्थ कोणी गोळ्या बंद कराव्यात असा नाही. मळमळ, धाप, विलक्षण थकवा असेल, तर साखर बरी असली तरी डॉक्टरांकडे जाऊन कीटोन तपासून घ्यावेत, एवढाच आहे. आज त्यासाठी रक्ताची पट्टी हा भरवशाचा मार्ग आहे. लघवीची पट्टी स्वस्त आहे, पण ती ॲसिटोॲसिटेट ओळखते आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट सोडून देते, जे या आजारात सर्वांत जास्त असते. श्वासाच्या मोजणीलाही मर्यादा आहे. उपचार सुरू झाल्यावर रक्तातले इतर कीटोन उतरले तरी ॲसिटोन तासन्‌तास रेंगाळते. म्हणून ती धोक्याची सूचना द्यायला चांगली, उपचाराची प्रगती पाहायला कच्ची.

आणि या सूचनेसाठी अब्जात वीस भागांची संवेदनशीलता लागतही नाही. निरोगी श्वास एकाच्या आसपास आणि धोका दहांत, शेकड्यांत. हे अंतर इतके मोठे आहे, की मध्यम संवेदनशीलतेचा संवेदकही ते ओळखू शकेल. फक्त त्याने पाण्याला भुलता कामा नये, सॅनिटायझरला भुलता कामा नये, आणि पावसाळ्यातून उन्हाळ्यात गेल्यावर आपला शून्य विसरता कामा नये. शंभर पीपीएमला प्रतिसाद अमुक पट, असा आकडा निबंधाच्या मथळ्यात शोभतो. घराघरांतल्या मुलांच्या कामाचे आकडे वेगळे आहेत.

म्हणून नव्या संवेदकाची बातमी वाचली की मी तीन गोष्टी पाहतो. चाचणी दमट हवेत, नव्वद टक्क्यांच्या आसपास केली का? ॲसिटोनबरोबर अल्कोहोल मिसळून केली का? आणि पहिल्या दिवशीचा आकडा किती दिवसांनी पुन्हा घेतला? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता बऱ्याच निबंधांत सापडू लागली आहेत. तिसऱ्याचे उत्तर अजून बहुतेकदा आठवड्यांत असते. ज्या आईला रात्री दोन वाजता मुलाच्या तोंडाचा वास घेऊन निर्णय करायचा आहे, तिला ते वर्षांत हवे आहे.